सोयाबीनची ट्रॅक्टर पेरणी : धुऱ्याकडचे तास आणि कोपरे नीट कसे साधावेत?

प्रश्न : पैनगंगाकाठ, वाशीम

नमस्कार. माझे साडेतीन एकरांहून थोडे मोठे, काळ्या जमिनीचे एक सलग शेत आहे. उत्तर-दक्षिण अंतर 130 मीटर आहे. उत्तरेचा धुरा (बांध) 125 मीटर आणि दक्षिणेचा 100 मीटर भरतो, कारण पूर्वेचा, नाल्याकडचा धुरा तिरका जातो. त्याच बाजूला ईशान्य कोपऱ्यात जुनी विहीर आहे. मागच्या हंगामापर्यंत पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होत होती. यंदा पुतण्याने 45 अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर घेतला आहे आणि पाच फणांचे, दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या दोन ओळींत, 45 सेंटीमीटर अंतर ठेवणारे पेरणी यंत्रही घरी आले आहे. त्यामुळे जे काही सुधारायचे ते आता आमच्याच हातात आहे.

तास आजवर पूर्व-पश्चिम घेत आलो. मधले शेत दरवर्षी चांगले साधते, अडचण फक्त कडांची आहे. मागील वर्षी पश्चिमेच्या टोकाला सोयाबीन इतके दाट निघाले की ऑगस्टअखेर झाडे कमरेला लागली, लोळली आणि शेंगा धरल्या त्या शेंड्याकडे, अगदी मोजक्या. पूर्वेच्या टोकाला याच्या उलट झाले. तासांची टोके धुऱ्यापासून कुठे दहा फुटांवर तर कुठे वीस फुटांवर संपली होती आणि मधल्या जागेत नुसते गवत माजले. चारही कोपऱ्यांत खाटेपेक्षा मोठे तुकडे रिकामे राहिले. ट्रॅक्टर वळतो त्या टोकाकडच्या जागेतले आडवे तास पेरायच्या आधीच पाऊस आला आणि वाफसा येईपर्यंत आठ दिवस गेले, त्यामुळे तेवढे पीक शेवटपर्यंत मागासच राहिले. डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी तर उभे तास कोठे संपले आणि आडवे कोठे सुरू झाले हेच ओळखू येत नव्हते.

म्हणून जाणकारांना विचारतो. टोकाचे आडवे तास आधी घ्यावेत की शेवटी? वळणासाठी किती जागा सोडावी? कोपरे कसे भरावेत, आणि तिरक्या धुऱ्याचे काय करावे? मृगाला अजून दोन आठवडे अवकाश आहे, तेवढ्यात सराव करता येईल.

उत्तर : मांजराकाठ, लातूर

दादा, नमस्कार. आपण जे वर्णन केले आहे, त्याचे मूळ एका गोष्टीत आहे. फण कोठे टाकायचे आणि कोठे उचलायचे, ही रेषा पेरणी सुरू होण्यापूर्वी जमिनीवर आखलेली नव्हती. चालक प्रत्येक फेऱ्याला अंदाजाने यंत्र उचलतो आणि अंदाज दिवसभरात बदलत जातो. सकाळी तो धुऱ्याच्या जवळ जातो. दुपारी, विशेषतः भाड्याचा चालक असेल आणि पुढचे शेत वाट पाहत असेल, तर वीस फूट आधीच वळतो.

रेषा किती अंतरावर असावी, हे यंत्राच्या रुंदीवरून ठरवावे. पाच फण आणि 45 सेंटीमीटर अंतर म्हणजे एका फेऱ्यात 2.25 मीटर पट्टा पेरला जातो. वळणाची जागा याच मापाच्या पटीत असली पाहिजे, नाहीतर शेवटी अर्धा पट्टा उरतो आणि तो भरताना त्याच जागी दोनदा पेरले जाते. दोन पट्टे, म्हणजे 4.5 मीटर, पुरतील असे वाटते. पण फणांपासून ट्रॅक्टरच्या नाकापर्यंत साधारण 4 मीटर अंतर असते. फण रेषेवर येतात तेव्हा पुढची चाके धुऱ्याला टेकलेली असतात आणि मग प्रत्येक वळणाला मागे-पुढे करावे लागते. तीन पट्टे, म्हणजे 6.75 मीटर, सोडले तर वळण मोकळे होते. याशिवाय धुऱ्याच्या पायथ्याशी 60 सेंटीमीटर जागा रिकामी ठेवावी. एकूण 7.35 मीटर, म्हणजे सुमारे 24 फूट झाले. दोरीला गाठ मारून धुऱ्यापासून दर वीस पावलांवर हे अंतर मोजावे, खुंट्या ठोकाव्यात आणि चुन्याची किंवा राखेची रेषा ओढावी.

धुऱ्यालगतच्या या 60 सेंटीमीटर जागेबद्दल कोणी हळहळू नये. आमच्या भागात 2022 च्या खरिपात शंखी गोगलगायींनी उगवते सोयाबीन खाल्ले, आणि त्या दिवसा बांधाच्या गवतात, दगडांखाली दडून बसत असत. ज्यांनी बांधाच्या पायथ्यापर्यंत पेरले होते त्यांना ओली गोणपाटे अंथरायला आणि सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचायला जागाच नव्हती. दुसरे असे की, शेवटचा तास बांधाला घासून घेण्याच्या नादात दरवर्षी वीतभर बांध कोरला जातो आणि भावाभावांत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मोजणीपर्यंत प्रकरण जाते. ट्रॅक्टरच्या एका फेऱ्यात जेवढा बांध जातो तेवढा बैलांच्या दहा वर्षांच्या पाळ्यांत जात नसे.

आता आधी की शेवटी. काळ्या जमिनीत माझे मत ठाम आहे : शेवटी. आपल्या शेतात पूर्व-पश्चिम तास घेतले तर 58 फेरे होतात, म्हणजे प्रत्येक टोकाला सुमारे 29 वेळा ट्रॅक्टर वळणार. आधी पेरलेले बी 3 ते 4 सेंटीमीटर खोल असते. त्याच्यावरून एवढ्या वेळा मागची चाके गेली तर माती विटेसारखी बसते आणि मोड वर येताना मान मोडतो. शेवटी पेरायचे म्हटले की चाकांनी दाबलेली ती जमीन आधी मोकळी करावी लागते, आणि हेच काम बहुतेक जण टाळतात. मधले शेत झाल्यावर पेरणी यंत्र सोडून कल्टिव्हेटर जोडावा, वळणाच्या पट्ट्यात एक उथळ पाळी द्यावी, त्यावर फळी मारावी आणि लगेच पेरावे. पाळी खोल दिली तर ओल उडते आणि बी भुसभुशीत मातीत खोल जाते, म्हणून चाकांचा दाब फुटेल एवढीच द्यावी.

हे त्याच दिवशी झाले पाहिजे. आपल्याकडे दोन्ही टोके मिळून हे क्षेत्र सुमारे 17 गुंठे भरते, म्हणजे शेताच्या आठव्या भागाएवढे. एकरी 30 किलोच्या हिशेबाने तेवढ्यात 13 किलोच्या आसपास बियाणे जाते. एवढी जागा आठ दिवस मागे पडली तर तिची फवारणी वेगळी, काढणी वेगळी. म्हणून एका शेताची वळणे पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या शेतात यंत्र नेऊ नये, आभाळ भरून आले असेल तर मुळीच नेऊ नये.

आडवे तास आतून बाहेर घ्यावेत. पहिला पट्टा उभ्या तासांच्या टोकांना लागून, 45 सेंटीमीटर अंतर ठेवून, शेवटचा धुऱ्याकडे. मापात वीतभर चूक झालीच तर ती धुऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत जिरते. उलट क्रमाने आलात तर तीच चूक उभ्या आणि आडव्या तासांच्या सांध्यावर येते आणि डवरणीत नडते.

कोपरा रिकामा राहण्याचे कारणही तेच 4 मीटर आहेत. आडवा पट्टा पेरत धुऱ्याकडे गेलात की नाक धुऱ्याला लागते आणि फण 4 मीटर मागे असतात. यावर उपाय असा की प्रत्येक पट्ट्याची सुरुवात कोपऱ्यातून करावी : यंत्र उचललेले ठेवून ट्रॅक्टर मागे घ्यावा, फण बाजूच्या धुऱ्याजवळ आणावेत, ट्रॅक्टर पुढे सुटल्यावर यंत्र टाकावे. ज्या कोपऱ्यात पट्टा संपतो तेथे 4 मीटरांचा तुकडा उरतोच, तो टोकणीने, म्हणजे हाताने बी टोचून, भरावा. तीन पट्ट्यांचे तीन तुकडे, दोन्ही टोकांचे मिळून सहा. क्षेत्र जेमतेम अर्धा गुंठा आणि बियाणे 400 ग्रॅम. त्याच दिवशी कोणाला तरी हे काम नेमून द्यावे, एवढेच.

उत्तर : यंत्रशाळा, परभणी

मी पेरणी यंत्रांची दुरुस्ती करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. मांजराकाठ यांनी सांगितलेली रेषा आखली तरी यंत्र त्या रेषेवर बी टाकेलच असे नाही, कारण फण जमिनीत शिरणे आणि बी पडणे या दोन गोष्टी एका क्षणी घडत नाहीत.

आपल्या यंत्रात बियाणे पेटीतले दंड जमिनीवर फिरणाऱ्या चाकाच्या साखळीने चालतात. यंत्र टाकले की आधी फण टेकतात, मग चाक टेकते, मग ते फिरू लागते आणि मग नळीतून बी खाली येते. ताशी 4 किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला एक मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. बी पडायला एक सेकंद उशीर झाला तर तासाच्या सुरुवातीला मीटरभर जागा कोरी राहते. म्हणून शेतात शिरताना रेषेच्या एक मीटर आधी यंत्र टाकावे. बाहेर पडताना मात्र फण रेषेवर येईपर्यंत थांबावे आणि मग एका झटक्यात उचलावे. चालकाची नजर स्वाभाविकपणे पुढच्या चाकावर असते. त्याने मागे वळून फणांकडे पाहण्याची सवय लावली की निम्मे काम झाले.

उचलताना दुसरी एक चूक होते. टोक आले की चालक सवयीने रेस कमी करतो. लिफ्टचा पंप इंजिनवर चालतो. रेस कमी झाली की यंत्र सावकाश उठते. स्प्रिंग असलेले चाक फण वर आल्यावरही जमिनीला टेकून फिरत राहते आणि तेवढे बी उघड्यावर सांडते. टोकाला मातीवर पिवळे दाणे दिसले आणि त्यांच्याभोवती साळुंक्या जमल्या की समजावे, यंत्र हळू उठते आहे. आपला ट्रॅक्टर जुना आहे असे लिहिले आहे. काही जुन्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबला की लिफ्टही थांबते. तसे असेल तर आधी लिफ्ट उचलावी आणि मग क्लच दाबावा, हा क्रम पुतण्याच्या हातात बसला पाहिजे.

फण जमिनीत असताना ट्रॅक्टर वळवू नये आणि मागे तर कधीच घेऊ नये. वळवले तर फणांवर बाजूचा दाब येतो आणि ते वाकतात. पुढे कितीही मोजून पेरले तरी दोन तासांतले अंतर चुकत राहते. मागे घेतले तर फणाच्या मागचे नळीचे तोंड ओल्या मातीने बंद होते. माझ्या स्वतःच्या शेतात हे घडले आहे. एका कोपऱ्यात मी यंत्र थोडे लवकर टाकले, ट्रॅक्टर हातभर मागे सरकला आणि तिसऱ्या फणाच्या नळीत सुपारीएवढा चिखल बसला. वरून सगळे ठीक दिसत होते : पेटीतले बी हलत होते, साखळी फिरत होती. नळी मात्र वरपर्यंत भरत गेली होती. सहाव्या दिवशी उगवण झाली तेव्हा त्या कोपऱ्यापासून पुढच्या सगळ्या पट्ट्यांत दर पाच तासांतला मधला तास कोरा होता. नांगे (रिकाम्या जागा) भरायला लागलेली मजुरी आजही आठवते. तेव्हापासून मी प्रत्येक कोपऱ्यानंतर उतरून पाचही नळ्यांना बोटाने टिचकी मारतो. रिकाम्या नळीचा आणि भरलेल्या नळीचा आवाज वेगळा येतो.

बी पडते आहे की नाही, हे पाहण्यासाठी तासाच्या टोकाला गुडघ्यावर बसून मीटरभर लांबीची माती बोटाने अलगद बाजूला करावी. एकरी 30 किलो बियाणे पडत असेल तर मीटरभर तासात 25 ते 28 दाणे सापडले पाहिजेत. 70 टक्के उगवण धरली तर त्यांतून 18 ते 20 झाडे उभी राहतात. हीच तपासणी शेताच्या मध्यभागी करावी, आणि दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत मोठा फरक आला तर तो वळणाचा दोष समजावा.

दोन फेऱ्यांतले अंतर साधण्यासाठी यंत्राला खूण पाडणारा दांडा नसेल तर तो बसवून घ्यावा. आपल्या यंत्राचे बाहेरचे दोन फण मध्यापासून 90 सेंटीमीटरवर आहेत आणि पुढच्या फेऱ्याचा मध्य 2.25 मीटरवर यायला हवा. पुढच्या चाकांतले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 1.30 मीटर असेल, तर बाहेरच्या फणापासून 70 सेंटीमीटरवर खूण पाडावी आणि परतताना त्या बाजूचे पुढचे चाक बरोबर खुणेवरून न्यावे. चाकांतले अंतर आपल्या ट्रॅक्टरवर मोजूनच आकडा पक्का करावा. वळणे मोकळी व्हावीत म्हणून काही जण दोन पट्टे सोडून तिसऱ्यात शिरतात आणि मधले नंतर भरतात. मोठ्या शेतात, नेमके मापन असेल तर ते ठीक आहे. आपल्या मापाच्या शेतात मधली सोडलेली जागा कधीच बरोबर 4.5 मीटर राहत नाही, म्हणून मी तो सल्ला देणार नाही.

उत्तर : कयाधूकाठची शेतकरी, हिंगोली

दादा, वरील दोन्ही उत्तरे उपयोगाची आहेत, पण एक प्रश्न कोणी विचारला नाही. शेताचा उतार कोणीकडे आहे? पूर्वेला नाला आहे असे आपण लिहिता, तर उतारही बहुधा पूर्वेकडेच असणार. तसे असेल तर पूर्व-पश्चिम घेतलेला प्रत्येक तास म्हणजे पाण्याला नाल्याकडे धावण्यासाठी करून दिलेली वाट आहे. कडा कितीही नीट साधल्या तरी जुलैच्या एका मोठ्या पावसात माती आणि खत त्या वाटेने जाईल. आपले शेत जवळजवळ चौरस आहे, त्यामुळे तास उत्तर-दक्षिण केले तर फेऱ्यांच्या लांबीत काही तोटा नाही.

यात एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. पूर्व-पश्चिम तासांना तिरका धुरा फारसा त्रास देत नाही. पहिल्या आणि पाचव्या फणाच्या टोकांत वीत-दीड वीत फरक पडतो, इतकेच. तास उत्तर-दक्षिण केले की हाच धुरा त्यांना अगदी निमुळत्या कोनात छेदतो. 130 मीटरांत 25 मीटर आत येणारा धुरा आहे, त्यामुळे एक बाहेरचा फण कडेला टेकतो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या फणाला अजून 9 मीटरांहून अधिक जायचे असते. पूर्वेकडचे सुमारे 11 पट्टे असे अर्धवट राहतील. तेथे सगळे फण एकदम उचलले तर एकीकडे त्याच जागी दोनदा पेरले जाईल किंवा दुसरीकडे लांबट त्रिकोण रिकामे राहतील.

आम्ही हे असे करतो. तिरक्या धुऱ्याला समांतर दोन पट्ट्यांची रेषा आधी आखतो. तेवढी जागा तेथे पुरते, कारण कोन निमुळता असल्यामुळे ट्रॅक्टरला पूर्ण वळावे लागत नाही, तो त्या पट्ट्यात अलगद शिरून पुढे निघून जातो. पट्टा निमुळता होऊ लागला की रेषेबाहेर जाणाऱ्या फणाच्या चाड्यात (बी नळीत सोडण्याच्या तोंडात) कापडाचा बोळा घालून त्याचे बी बंद करायचे, मग पुढच्या फणाचे, मग त्याच्या पुढच्याचे. प्रत्येक वेळी ट्रॅक्टर थांबवावा लागतो, वेळ जातो. पण हे फक्त 11 पट्ट्यांत करायचे आहे. आमच्याकडे चाड्यावर लक्ष मीच ठेवते आणि बोळा काढायला विसरू नये म्हणून प्रत्येक बोळ्याला लाल चिंधी बांधलेली आहे.

उत्तर आणि दक्षिण टोकाचे आडवे तास मात्र आता उताराच्या दिशेने जातील, आणि शेतातली पहिली घळ नेहमी तेथेच पडते, कारण चाकांच्या खोल चाकोऱ्या तेथेच असतात. मांजराकाठ यांनी सांगितलेली कल्टिव्हेटरची पाळी म्हणूनच चुकवू नये. डवरणीनंतर डवऱ्याला दोरी बांधून आम्ही सऱ्या पाडतो, तेव्हाही या टोकाच्या तासांत सरी पाडत नाही.

पुढे कधी रुंद वरंबा सरीवर पेरणी करायचे ठरवलेत तर टोकाचा विचार पुन्हा करावा लागेल. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ही पद्धत काळ्या जमिनीसाठीच विकसित झाली, आणि तिचा अर्धा उपयोग जास्तीचे पाणी सरीतून सावकाश बाहेर जाण्यात आहे. यंत्राने वरंबे काढून झाले आणि टोकाला सवयीने आडवे तास पेरले की प्रत्येक सरीचे तोंड मातीने बुजते. पाणी मग सरीत तुंबते आणि टोकाकडचे सोयाबीन पिवळे पडते. तेथे पेरणी झाल्यावर फावडे घेऊन प्रत्येक सरीचे तोंड मोकळे करावे लागते. हे काम बाईमाणसांच्या वाट्याला येते, म्हणून ते कोणाच्या हिशेबात धरले जात नाही. पण मी ते वर्षानुवर्षे करते आहे आणि न केल्यावर काय होते तेही पाहिले आहे.

पैनगंगाकाठ, वाशीम

आपणा तिघांचे मनापासून आभार. ताईंचा अंदाज बरोबर आहे, उतार पूर्वेकडेच आहे. वडिलांच्या काळी तिफण उत्तर-दक्षिणच चालत असे, हे आईने काल सांगितले. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याने सोयीसाठी दिशा बदलली आणि आम्ही ती तशीच धरून ठेवली.

काल आणि आज आम्ही बियाणे न भरता सराव केला. उत्तर आणि दक्षिण धुऱ्यापासून 24 फुटांवर चुन्याची रेषा ओढली. पहिल्या दहा फेऱ्यांत पुतण्या सरासरी पाच-सहा फूट आधी यंत्र उचलत होता, कारण तो खरोखरच पुढच्या चाकाकडे पाहत होता. मी रेषेवर उभा राहून फण पायाजवळ आले की हात वर करू लागलो, तेव्हा विसाव्या फेऱ्यापर्यंत त्याचा हात बसला. कोरड्या ढेकळांतही फणांच्या रेघा एका ओळीत संपलेल्या पाहून बरे वाटले. क्लच दाबल्यावर लिफ्ट थांबते, हेही आमच्या ट्रॅक्टरवर खरे निघाले.

अजून एक शंका आहे. टोकाच्या तीन पट्ट्यांत सोयाबीनऐवजी तूर घेतली तर? गावात दोघे-तिघे तसे करतात. तूर दूर अंतरावर असते, त्यामुळे दाट-विरळ झाल्याचा प्रश्न येत नाही आणि धुऱ्याकडून जनावरे आत शिरताना थोडा अडसरही होतो.

यंत्रशाळा, परभणी

तुरीबद्दल मांजराकाठ सांगतील. मला विहिरीबद्दल लिहायचे आहे. ईशान्य कोपऱ्यात 24 फुटांची रेषा धुऱ्यापासून न मोजता विहिरीच्या काठापासून मोजावी, आणि त्या कोपऱ्यात यंत्र मागे नेऊन पेरण्याचा प्रयत्न करू नये. जुन्या विहिरीचा काठ आतून पोकळ झालेला असतो, पावसाने भिजलेला असतो आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही. तेवढा तुकडा टोकणीनेच भरावा. चाड्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती यंत्राच्या फळीवर उभी राहत असेल तर प्रत्येक वळणाआधी तिने खाली उतरावे आणि ट्रॅक्टर सरळ झाल्यावर पुन्हा चढावे. वळणासाठी दोन ब्रेकांमधली पट्टी काढून एका बाजूचा ब्रेक दाबत असाल, तर शेताबाहेर रस्त्यावर येण्याआधी ती पट्टी पुन्हा लावलीच पाहिजे, नाहीतर वेगात एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर उलटतो.

मांजराकाठ, लातूर

दादा, सराव पाहून समाधान वाटले. तुरीचा विचार चांगला आहे, पण जागा चुकते आहे. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते आणि आपण बहुधा मागे हरभरा घेत असाल. तूर मात्र डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. उत्तर आणि दक्षिण टोकांना तूर असली तर हरभऱ्याच्या पेरणीला ट्रॅक्टर वळणार कोठे? गावातले ते दोघे-तिघे रब्बीत जमीन रिकामी ठेवतात की काय, हे एकदा पाहून घ्या. हरभरा घेणाऱ्याला हे परवडत नाही. आमच्या शेजारच्या शेतात एका वर्षी असे झाले, आणि हरभरा पेरताना ट्रॅक्टर अलीकडेच वळवावा लागल्याने दोन्ही टोकांना मिळून वीसेक गुंठे जमीन पडीक राहिली.

तूर घ्यायचीच असेल तर पश्चिमेच्या धुऱ्यालगत, उभ्या तासांना समांतर अशा दोन ओळी घ्याव्यात. मधल्या शेताचे पट्टे त्या बाजूने मोजत आणावेत. आता तास उत्तर-दक्षिण होणार असल्याने ट्रॅक्टर तेथे खरिपातही वळत नाही आणि रब्बीतही वळत नाही.